खालच्या टोकाचा माणूस

तिसऱ्या मजल्यावरून पियानो खाली आणायचा होता, आणि त्याआधी भावाला एक गोष्ट सांगायची होती. पैलवानाने सकाळपासून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. पहिल्यांदा ट्रकमध्ये, तर मुकादमाला नेमका तेव्हाच खोकला आला. दुसऱ्यांदा इमारतीच्या दारात, तर भाऊच म्हणाला, "दादा, बूट कशाला एवढे करकचून बांधलेस?" तिसऱ्यांदा काहीच आडवं आलं नाही, तरी त्याने सांगितलं नाही. भित्र्या माणसाला दरवेळी सबब लागतेच असं थोडंच आहे!

सांगायचं एवढंच होतं की माझ्या पायांना जमीन कळत नाही.

आता खुर्चीत बसून कागद सरकवणाऱ्या माणसाला पाय कळले काय आणि न कळले काय. पण हे दोघे भाऊ घरसामान हलवणारे. कपाट, तिजोरी, पियानो, जे काही चारचौघांना हलत नाही ते हे दोघं हलवायचे. जड वस्तू जिन्यावरून उतरवायची त्यांची ठरलेली रीत होती. वस्तूच्या पोटाखालून एक रुंद पट्टा जातो. त्याचं एक टोक वरच्या माणसाच्या खांद्यांवर, दुसरं खालच्याच्या. खालचा माणूस वस्तूकडे तोंड करून उलट्या पावलांनी उतरतो आणि बोलायचं फक्त त्याने. "पायरी." "पायरी." "टप्पा." वरच्याला मधल्या धुडापलीकडचं काही दिसत नाही, त्याने तोंड बंद ठेवायचं आणि खालच्याच्या शब्दावर पाऊल टाकायचं. खालचा चुकला तर वस्तू त्याच्या उरावर येते, आणि पट्ट्याला बांधलेला वरचा तिच्यामागोमाग. म्हणून खाली कोण जाणार हे मुकादम ठरवायचा, आणि तो ते एकच गोष्ट बघून ठरवायचा. मान.

पैलवानाची मान होतीच बघण्यासारखी. कानाखालून जी उतरण सुरू व्हायची ती थेट दंडांपर्यंत. मान संपते कुठे आणि खांदे सुरू कुठे होतात ते त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. मानेमागे चांगला मूठभर उंचवटा, दंड बाह्यांत मावत नव्हते, आणि खाली बघाल तर पाय म्हणजे नुसत्या काटक्या. या गृहस्थाने आयुष्यात एक जोर काढला नव्हता की एक बैठक मारली नव्हती. पण कामावरच्या पहिल्याच दिवशी मुकादम ओरडला, "आला बघा पैलवान!" आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. गिऱ्हाइकं त्याला बघूनच निर्धास्त व्हायची. त्याचे वडीलही याच कामातले, त्यांचीही मान अशीच. ओझ्याने घडलेली मान, असं घरात सगळे म्हणायचे. धाकटा भाऊ तर चारचौघांत दादाच्या मानेचं असं कौतुक सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं यानेच ती बनवून आणलीय.

गुरुवारी या सगळ्यावर पाणी पडलं. पैलवान डॉक्टरकडे गेला तो बायकोच्या हट्टापायी. "तुम्ही घोरता त्याचं काही नाही हो," ती म्हणाली होती, "मध्येच घोरायचे थांबता ना, तेव्हा माझा जीव जातो."

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलायला फटकळ. त्यांनी दोन्ही हातांनी त्याची मान चाचपली, मग दंड, मग पाठ.

"व्यायाम करता?"

"ओझी उचलतो. मान त्यानेच झालीय."

"हे स्नायू नाहीत. चरबी आहे."

पैलवानाला हसूच आलं. बाईंना मात्र आलं नाही. त्या म्हणाल्या, हा आजार क्वचित दिसतो. मान, खांदे, दंड, पाठ इथे चरबी साठत जाते, दोन्ही बाजूंना अगदी सारखी, आणि बाकीचा माणूस वाळत जातो. लांबून बघणाऱ्याला वाटतं काय कमावलेलं शरीर आहे! आतून ती गळ्यावर दाबते, म्हणून झोपेत श्वास अडकतो. आणि बहुतेक वेळा हा आजार वर्षानुवर्षं भरपूर दारू पिणाऱ्यांना होतो.

"किती पिता?"

"थकवा उतरवण्यापुरती."

"आणि थकवा चढतो किती वाजता?"

हल्ली थकवा सकाळी आठलाच चढत होता.

मग त्यांनी त्याला आडवं केलं आणि छताकडे बघायला सांगितलं. तो बघत राहिला. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "सुरू करा ना." बाई म्हणाल्या, "संपलंसुद्धा." त्याने मान उचलून पाहिलं तर हातात टाचणी होती आणि त्याच्या अंगठ्यांवर रक्ताचे बारके ठिपके.

"पायांच्या नसाही दारूने गेल्यात," त्या म्हणाल्या. "किती दिवस कळत नाहीये?"

"दोन वर्षं."

त्यांनी कागदावर आजाराचं लांबलचक नाव लिहून दिलं, त्यातलं शेवटचं 'टोसिस' तेवढं त्याच्या लक्षात राहिलं. दारू सोडावीच लागेल, पण घरच्या घरी एकदम सोडू नका, झटके येतील. सोमवारी दाखल व्हा, इथे आमच्या देखरेखीखाली सोडा. चरबीच्या गाठी कापून काढता येतात, पण पीत राहिलात तर पुन्हा येतील. जड काम आजपासून बंद, आणि जिन्यावर तर ओझं घेऊन पायच ठेवायचा नाही. जाता जाता त्यांनी विचारलं, वडील कशाने गेले? तो म्हणाला, खुर्चीत बसल्या बसल्या, भर दुपारी, श्वास अडकून. बाई लिहायच्या थांबल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

आणि तरी शनिवारी हा पठ्ठ्या तिसऱ्या मजल्यावर हजर! का, तर मुकादमाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, पियानो आहे, पैलवानाशिवाय होणार नाही. झालं! एवढ्यावर स्वारी फुगली. सोमवारी दाखल व्हायचंच आहे, मध्ये एक पियानो, काय होतंय? सकाळी हात थरथरायला लागले तेव्हा ट्रकच्या मागे जाऊन त्याने दोन घोट घेतले, कापणं थांबलं, आणि त्याला वाटलं आपण तयार आहोत. गेली दोन वर्षं तो पायांवर नाही, डोळ्यांवर आणि आकड्यांवर जिने उतरत होता. वर जाताना पायऱ्या मोजायच्या, उतरताना तेवढ्याच उलट्या मोजायच्या. आजही मोजल्या होत्या. वरून पहिला जिना अठरा, मधला सतरा, शेवटचा अठरा.

पियानो होता एका निवृत्त संगीतशिक्षिकेचा. बाईंचं वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे, आवाज मात्र वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. गुडघ्यांपायी त्या तळमजल्यावरच्या घरात राहायला चालल्या होत्या. पियानो उतरताना समोरून बघायचा असा त्यांचा हट्ट. म्हणून त्या आधीच मधल्या जिन्याखालच्या टप्प्यावर खुर्ची टाकून बसल्या.

"तिथे नका बसू बाई," धाकटा म्हणाला. "काही झालं तर सरळ तुमच्या अंगावर येईल."

"मी त्याला चाळीस वर्षं सांभाळलाय. तो माझ्या अंगावर नाही यायचा," बाई म्हणाल्या, आणि हलल्या नाहीत.

पट्टा चढला. भावाने वरून आवाज दिला, "दादा, घेऊ?" ही शेवटची संधी होती. आता एकच वाक्य बोलला असता तर पट्टा उतरला असता, मुकादमाने दुसरं कुणीतरी आणलं असतं, फार तर चार दिवस चेष्टा झाली असती. पैलवान म्हणाला, "घे."

पहिला जिना नीट झाला. "पायरी. पायरी." टाच मागे न्यायची, खाली सोडायची, गुडघ्याला हिसका बसला की समजायचं टेकली. अठराव्याला "टप्पा" म्हणून त्याने श्वास घेतला. तो पुरता आत गेला नाही. पट्टा खांद्यांवर दाबत होता, हनुवटी छातीला टेकत होती, आणि गळ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. भावाला तो ऐकू गेला असणार, पण वरच्याने बोलायचं नसतं.

मधला जिना अरुंद. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा, पियानोच्या दोन्ही अंगांना जेमतेम हात जाईल एवढी जागा. एक. दोन. तीन. चार. पाचवीवर त्याने टाच सोडली, गुडघ्याला हिसका बसला, तो म्हणाला "पायरी," आणि भाराखाली तो पाय निघूनच गेला.

पाचवीची कड तुटलेली होती. दुसऱ्या कुणालाही बुटातून ते कळलं असतं. याला गुडघा वाकून कंबर खाली जाईपर्यंत पत्ता नव्हता. पियानो करकरत पुढे आला. वरून भावाची किंकाळी ऐकू आली. पैलवान कसाबसा भिंतीकडे वळला आणि त्याचा खांदा भिंत आणि पियानोच्या मध्ये पाचरीसारखा अडकला. त्या चरबीने आयुष्यात एवढं एकच काम केलं. पियानो थांबला.

"दादा!" रीत गेली खड्ड्यात, भाऊ ओरडत होता. "दादा, काय झालं? तू पायरी म्हणालास!"

"चुकलं."

"तू चुकलास?" भावाच्या आवाजात भीतीपेक्षा आश्चर्यच जास्त होतं. "लागलंय का? धर, मी ओढून धरतो. तू पाय नीट लाव आणि चल."

पैलवानाने खाली पाहिलं. पियानोमुळे स्वतःचे बूटही दिसत नव्हते. घाम डोळ्यांत उतरत होता. बारा पायऱ्या अजून बाकी, मध्ये टेकवायला जागा नाही, आणि आकडे डोक्यातून पार पुसले गेलेले. त्याच्या पाचावर धारण बसली. आता पाऊल टाकलं तर दोघंही गेलो, हे त्याला स्वच्छ दिसलं, आणि जे तीन वेळा घशात अडकलं होतं ते आपसूक बाहेर आलं.

"बारक्या, मला पाय कळत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे कळत नाहीत. टाचणी टोचली तरी कळत नाही. दोन वर्षं झाली."

पट्टा कुरकुरला. मग भाऊ अगदी हळू म्हणाला, "आणि तरी मला या पट्ट्याला बांधलंस?"



"भांडणं नंतर करा," मागून खणखणीत आवाज आला. बाई खुर्चीतून उठल्या होत्या. "मला तुमचे पाय दिसतायत. कुठला पाय आधी टाकणार?"

"बाई, तुम्ही बाजूला व्हा," भाऊ वरून ओरडला.

"तू गप्प बस. वरच्याने बोलायचं नसतं ना तुमच्यात? मी सांगेन तेव्हाच पुढे यायचं. पैलवान, कुठला पाय?"

"डावा."

"मग सोडा डावा खाली. अजून. अजून. मागे घ्या थोडा, कडेवर आहे. हं, टेकला. आता भार टाका. उजवा सोडा. अजून. टेकला. वरचा, एक पाऊल ये."

असं या तिघांचं सुरू झालं. पाय एकाचे, डोळे दुसरीचे, आणि ज्याच्या हातांवर सगळा भार होता त्याला काहीच दिसत नव्हतं. मुकादमाने पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असता. एक पायरी उतरायला पूर्वी दोन श्वास लागायचे, आता दहा लागत होते. पैलवानाच्या मांड्या थडथड उडायला लागल्या. "टेकला" हा शब्द ऐकेपर्यंत आपला पाय हवेत आहे की दगडावर हे त्याला कळत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याला वाट सांगणारा माणूस एका म्हातारीच्या शब्दावर पाऊल टाकत होता, आणि त्याला लाज वाटायलाही उसंत नव्हती.

सात उरल्या. सहा. पाच. चार. हनुवटी पुन्हा छातीला टेकली, गळ्यातली शिट्टी बारीक होत गेली आणि बंदच झाली. हवा ना आत ना बाहेर. डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"दादा, मान वर कर!" भाऊ ओरडला. "ऐकतोयस ना? माझ्याकडे घेतोय भार, तू मान वर कर!"

पट्टा एकाएकी हलका झाला. भावाने सगळं धूड स्वतःच्या छातीवर ओढून घेतलं होतं. किती वेळ धरेल? कुणालाच ते धरता आलं नसतं. पैलवानाने मान मागे टाकली, घशात कुठेतरी फट पडली, हवा आत आली. "घेतला," तो म्हणाला आणि भार पुन्हा अंगावर घेतला.

"डावा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "अजून. टेकला. तीन राहिल्या. उजवा. टेकला. दोन. डावा. टेकला. एक. सोडा. हं. संपल्या पायऱ्या."

पियानो टप्प्यावर टेकला. पट्टा उतरला. दोघं भिंतीला पाठ लावून मटकन खाली बसले. बाईंनी एकदा पियानोच्या झाकणावरून हात फिरवला, एकदा दोघांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "पुढचा जिना तुम्ही उतरवायचा नाही. मी तुमच्या त्या मुकादमाला बोलावून आणते. सावकाश जाते. तुम्ही बोला." आणि कठडा धरून, एकेक गुडघा सांभाळत त्या खाली निघाल्या.

भावाच्या तळव्यांची सालं निघाली होती. तो त्यांच्याकडेच बघत होता. "मला सांगायला काय झालं होतं?" तो म्हणाला, आणि एवढा धट्टाकट्टा माणूस रडायलाच लागला. "मी काय परका होतो? माझा हात सुटला असता तर? वहिनीला मी काय तोंड दाखवलं असतं?"

"चुकलं रे. तू मोठा समजतोस मला, म्हणून तोंड उघडेना."

"समजतोस काय, आहेसच! अख्ख्या कंपनीत अशी मान आहे का कुणाची?"

पैलवानाला वाटलं, अर्धंच सांगून काय उपयोग. त्याने सगळं सांगितलं. ही ताकद नाही, चरबी आहे. ओझ्याने नाही, दारूने आलीय. पायही तिनेच गेले. रात्री श्वास अडकतो तोही त्यामुळेच. सोमवारी दाखल व्हायचंय. आज सकाळीसुद्धा दोन घोट घेऊनच वर आलो.

भाऊ आधी हसला. मग हसू ओसरलं. "मग बाबांची मान?"

"तीच."

"बाबा ओझ्याने गेले म्हणतात सगळे."

"सगळे म्हणतात. बाबा खुर्चीत बसले होते, बारक्या. कुठलं आलंय ओझं?"

भावाने शर्टाच्या गुंड्या काढल्या. पैलवानाला वाटलं, घाम पुसतोय. पण त्याने शर्ट मागे खांद्यांवरून खाली ढकलला आणि पाठ त्याच्याकडे केली.

"मी तुला आज दाखवणार होतो," तो म्हणाला. "बायको म्हणाली, आता तुम्हालाही तशी मान यायला लागली. महिनाभर मी तुझ्यासमोर शर्ट बदलला नाही. म्हटलं, पियानो उतरला की मुकादमासमोरच दाखवू. सगळ्यांना."

पैलवानाने हात लावला. पाय मेले होते, पण बोटं शाबूत होती, त्यांना सगळं कळत होतं. मानेच्या मुळाशी, डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखं, मळलेल्या कणकेसारखं मऊ काहीतरी कातडीखाली होतं. अजून लहान होतं. हा पोरगा सहा वर्षांचा असताना बाबा गेले, तेव्हापासून पैलवानानेच त्याला वाढवला. काम यानेच शिकवलं. आणि एकोणिसाव्या वर्षी पहिलं कपाट उतरवल्यावर पहिला पेलाही यानेच भरून हातात दिला होता, "घे, थकवा उतरतो," म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते आठवलं आणि पैलवानाला वाटलं, मघाशी तो पियानो अंगावर आला असता तर बरं झालं असतं.

"दादा," भाऊ पाठमोराच म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "माझी ओझ्याने आलीय ना रे?"

पैलवानाचा हात तिथून निघेना. हो म्हणणं किती सोपं होतं! एका शब्दाने पोराचं हसू परत आलं असतं.

"नाही रे," तो म्हणाला. "माझ्यासारखीच आहे. सोमवारी माझ्याबरोबर चल."

खालून मुकादमाची पावलं आणि बडबड वर यायला लागली. भावाने घाईघाईने शर्ट वर ओढला, पण सालं निघालेल्या तळव्यांनी त्याला गुंड्या लावता येईनात. मग पैलवानाने त्याला आपल्याकडे वळवलं आणि लहानपणी लावायचा तशा एकेक करून लावून दिल्या. सगळ्यात वरची काही मानेभोवती लागली नाही.